लिथुएनियातल्या शिंप्यांचा अभ्यास कुठून सुरू करावा (1918–1940)

दोन महायुद्धांमधल्या लिथुएनियातले शिंपी हा विषय घेणारे बहुतेक नवे विद्यार्थी नव्या सुटापासून सुरुवात करतात. आम्ही सांगू, उसवलेल्या जुन्या कोटापासून करा. पानेवेझीस, उकमर्गे, केदायनियसारख्या गावांत नवा लोकरी सूट म्हणजे लग्नकार्याची खरेदी. एरवी शिंप्याचं घर चालायचं ते दुरुस्तीवर, आल्टरवर आणि कोट उलटवण्यावर. हे काम कळलं की त्या काळातला शिंपी कळतो.

या गावांतले बरेच शिंपी ज्यू होते, आणि त्यांच्या घरात, दुकानात यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलली जायची. सगळे एकाच प्रकारचं काम करत नसत. कुणी मापावर शिवायचा, कुणी आठवडी बाजारासाठी स्वस्त तयार कपडे. कुणी खेड्यात शेतकऱ्याच्या घरी मुक्काम ठोकून घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचं जाड, गरम पाण्यात आटवलेलं 'मिलास' कापड शिवायचा आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवसाला, घरी परतायचा. मिलासचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडायची फारशी गरज नसते. पण जाडी एवढी असते की चार पदर एकत्र आले की मशीन अडतं. म्हणून या कपड्यांत जोड कमीत कमी ठेवतात.

आता उलटवणं. वरची बाजू उन्हानं विटली, कोपरं चकाकायला लागली की कोट पूर्ण उसवायचा आणि कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. पहिली परीक्षा उसवण्याआधीच करायची असते. खालच्या दुमडीतला एखादा इंच उघडून आतला रंग बघायचा, मग कोपराचा भाग उजेडासमोर धरायचा. तिथं जाळी दिसली तर कोट उलटवून उपयोग नाही, कारण झीज दोन्ही बाजूंची असते. ज्या कापडाला एकाच बाजूला लव असते, तेही उलटत नाही.

उसवताना अस्तर आधी काढतात आणि बाही नंतर. पात्यानं टाकाच कापायचा, कापड ओढायचं नाही. प्रत्येक तुकडा सुटा करण्याआधी त्यावर खडूनं खूण हवीच, कारण उलटवल्यावर डावा भाग उजवा होतो आणि खूण नसेल तर बाह्यांची अदलाबदल ठरलेली. मग ब्रशनं धूळ काढायची, ओल्या फडक्यावरून इस्त्री करून जुन्या शिवणीच्या घड्या मोडायच्या. निखाऱ्यांची इस्त्री आधी चिंधीवर फिरवून बघायची, नाहीतर एक ठिणगी अख्खा कोट वाया घालवते.

खरी अडचण पुढे येते. पुरुषांच्या कोटाची काजं डाव्या बाजूला असतात, ती उलटवल्यावर उजवीकडे जातात. बरं एवढंच की तिथंच बटणं लावायची असतात. जुनं काज रफू करून बंद करायचं आणि बटण नेमकं त्यावर बसवायचं. कॉलरच्या पट्टीवरचं काज मात्र लपत नाही. छातीवरचा खिसाही डावीकडून उजवीकडे येतो. संग्रहालयात किंवा जुन्या फोटोत पुरुषाच्या कोटाला उजव्या छातीवर खिसा दिसला तर आधी फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बटणांवरून तपासा. बटणं नेहमीच्या बाजूला असतील तर कोट बहुधा उलटवलेला आहे. ट्विल कापडाच्या तिरप्या रेघांची दिशाही अशा कोटात बदललेली असते.

जुन्या शिवणीची कड विरलेली असते, म्हणून दर जोडाला थोडं कापड कमी होतं आणि कोट आखडतो. मूळ शिंप्यानं भरपूर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडली असेल तर तो त्याच माणसाला बसतो, नाहीतर धाकट्याच्या अंगावर जातो.

नव्या कोटाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती हमखास सुटते. लिथुएनिया जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा देश. कोटाच्या छातीत आणि कॉलरमध्ये आकार धरायला घातलेलं कडक कापड, म्हणजे कॅनव्हास, तिथं सहज लिननचं असायचं. पण लोकर आणि लिनन एका वस्त्रात आणायला ज्यू धर्मशास्त्रात बंदी आहे, तिला 'शातनेज' म्हणतात. धर्म पाळणाऱ्या गिऱ्हाइकाच्या लोकरी कोटात सुती कॅनव्हास आणि सुती किंवा रेशमी दोरा लागायचा. म्हणून जुना कोट हाती आला तर कॉलरच्या आतला धागा आवर्जून तपासा.

स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या बायकांचं कसब वेगळं. 1920 च्या दशकातला सरळ, खाली कंबर असलेला ड्रेस सोपा होता. 1930 च्या दशकात उरेब, म्हणजे कापड तिरपं कापण्याची, फॅशन आली आणि काम अवघड झालं. उरेब कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, पण सगळीकडे सारखं नाही. ड्रेस निदान रात्रभर टांगून ठेवल्याशिवाय खालची कड कापली तर दोन दिवसांत घेर वरखाली होतो. शिवण घट्ट टिपेची असेल तर चालताना दोरा तुटतो. टीप सैल ठेवून कापड किंचित ताणत शिवावं लागतं.

कागदपत्रांकडे वळाल तेव्हा चलन आधी बघा. लिथुएनियाचं स्वतःचं चलन, लितास, 2 ऑक्टोबर 1922 ला आलं, तेव्हा 10 लितास म्हणजे 1 डॉलर. त्याआधीच्या शिलाईच्या दरांशी थेट तुलना करू नका, ते जर्मन चलनातले आणि महागाईनं फुगलेले आहेत. विल्नियस 1920 ते 1939 पोलंडकडे होतं, त्यामुळे तिथले दर पोलिश चलनात आणि दप्तर पोलिश भाषेत. बाकी देशाचं दप्तर आजच्या विल्नियसमधल्या मध्यवर्ती राज्य अभिलेखागारात शोधा. गावांची यिद्दिश नावंही जवळ ठेवा: पानेवेझीस म्हणजे पोनेवेझ, उकमर्गे म्हणजे विल्कोमिर. लिथुएनियन कागदांत ज्यू आडनावांनाही शेपूट लागतं, कागानचं कागानास होतं. विवाहित बाईच्या आडनावाला '-एने', अविवाहित मुलीच्या '-आयते' किंवा '-इते'. एकाच घरातली शिंपी बाप, आई आणि शिलाई करणारी मुलगी अशी तीन वेगळ्या आडनावांनी सापडतात, आणि पहिल्या शोधात बायकाच निसटतात.

1941 च्या उन्हाळ्यापासून वर्षअखेरपर्यंत नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी या देशातले बहुसंख्य ज्यू मारले, छोट्या गावांतले तर जवळजवळ सगळे. त्यामुळे कपडे थोडे उरले आहेत आणि माहिती वाचलेल्यांच्या साक्षींत, गावांच्या स्मृतिग्रंथांत विखुरलेली आहे. हे ग्रंथ मुख्यतः यिद्दिश आणि हिब्रूत आहेत. शिंप्यांची माहिती धंद्यांच्या प्रकरणात नसली तर प्रार्थनागृहांच्या आणि कर्ज देणाऱ्या सहकारी बँकांच्या पानांवर बघा.