डेटाबेसचे पॉडकास्ट ऐकताय? या चुका टाळा

अर्धा भाग ऐकायचा आणि चालू सर्व्हरला हात लावायचा, ही चूक बघून बघून मी कंटाळलोय.

जळगावातल्या एका केळी व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हरला १६ जीबी रॅम. टीममधला एक पोरगा रोज भुसावळहून मोटरसायकलवर येतो, कानात पॉडकास्ट. (हेल्मेटच्या आत इअरफोन घालून हायवेवर येणं हा वेगळाच मूर्खपणा.) पॉडकास्टमधला पाहुणा म्हणाला, सॉर्टिंग मेमरीत न मावता डिस्कवर जात असेल तर वर्क मेम (अशा कामाला किती मेमरी वापरायची ती मर्यादा) वाढवून बघा. पोराने ऑफिसात आल्या आल्या ४ एमबीचं थेट १ जीबी केलं. रिपोर्ट पळायला लागला, पोरगा खूश.

मग केळीची आवक वाढली. पेढीवर सगळे एकदम हिशेबाला बसले, मेमरी संपली आणि लिनक्सने पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारून टाकली. अशी एक जरी मेली तरी पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनं तोडतो आणि रिकव्हरी करून परत उठतो. उठला, की पुन्हा तेच. ट्रक भरून उभे, पावती निघेना, फोन थांबेनात.

वर्क मेमचा आकडा अख्ख्या सर्व्हरचा नसतो, एका कनेक्शनचाही नसतो. एकाच क्वेरीतल्या (डेटाबेसला दिलेल्या एका हुकुमातल्या) प्रत्येक सॉर्टला तो वेगळा मिळतो. हॅशला, म्हणजे जोडणी-गटवारीसाठी मेमरीत बनणाऱ्या तक्त्याला, १५व्या आवृत्तीपासून मुळातच दुप्पट मुभा आहे. एकच क्वेरी वाटून घेणारे पॅरलल वर्कर असले तर प्रत्येकाचा आपापला. हे सगळं पाहुण्याने पुढे नीट सांगितलं होतं. मी तो भाग नंतर शेवटपर्यंत ऐकला. आमचे भाऊ तोवर गाडी स्टँडला लावत होते.

माझी सवय अशी: ऐकलेलं आधी वहीत. संध्याकाळी मॅन्युअलचं ते पान. मग टेस्ट सर्व्हर. वर्क मेम वाढवायचाच असेल तर सेट लोकल ही आज्ञा वापरून त्या रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनपुरता (एकगठ्ठा होणाऱ्या कामापुरता), नाहीतर रिपोर्टसाठी वेगळा युजर करून फक्त त्याला. ‘एवढा वेळ कोणाकडे आहे?’ असं विचारणाऱ्यांना मी पासवर्ड देत नाही.

दुसरी चूक, भागाची तारीख न बघणं. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग रेडिओ’ हा पॉडकास्ट २००६ पासून सुरू आहे. आर्किटेक्चरवरचे त्याचे जुने भाग आजही ऐकण्यासारखे आहेत, पण डेटाबेसच्या बाबतीत जुना सल्ला नासतो. ‘क्वेरीत विथ (क्वेरीचा तुकडा नाव देऊन आधी लिहिण्याची सोय) लावू नका, पोस्टग्रेस तो तुकडा वेगळाच चालवतो’ हे २०१९ मध्ये १२वी आवृत्ती येईपर्यंत खरं होतं. आता तो तुकडा एकदाच वापरला असेल तर साधारणपणे मुख्य क्वेरीतच मिसळला जातो. मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसात अनेक डॉक्युमेंटांवर (म्हणजे नोंदींवर) एक ट्रान्झॅक्शन चालत नाही, हेही २०१८ च्या आधीचं. तरी मुलाखतीत पोरं अजून तेच ठोकून देतात.

पाहुण्याच्या कंपनीचा आकार आपल्याला लावू नका. रावेरच्या बागायती केळीचा खताचा डोस धुळ्याच्या कोरडवाहू कपाशीला कोणी देतं का? जिनिंगच्या साध्या हिशेबाला मायक्रोसर्व्हिसेस (सॉफ्टवेअरचे सुटे, स्वतंत्र चालणारे तुकडे) मागणाऱ्याला मी आधी विचारतो, फॉरेन की वर (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर) इंडेक्स, म्हणजे शोध झटपट करणारी सूची, आहे का? बहुतेकदा नसतो. पोस्टग्रेस तो आपोआप बनवत नाही.

पाहुणा काय विकतो ते बघा. डेटाबेस कंपनीचा संस्थापक त्याचाच डेटाबेस चांगला म्हणणार.

दुप्पट वेगाने ऐकू नका. गप्पांना चालेल, आयसोलेशन लेव्हलला (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांना किती दिसतात त्याला) नाही.

इंग्रजी उच्चार कळत नाहीत म्हणून सोडून देऊ नका. ‘पोस्टग्रेस एफएम’ या पॉडकास्टच्या भागांची लेखी प्रत मिळते, ती समोर ठेवून ऐका. मुंबईला निघाला असाल तर भाग घरूनच डाउनलोड करा, कसारा घाटात रेंजचा भरवसा नाही.

आणि ऐकल्या ऐकल्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) लावण्याची हौस असेल तर एवढं लक्षात असू द्या: ते क्वेरी खरोखर चालवतं. डिलीटवर लावायचं तर आधी बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), नंतर रोलबॅक (केलेलं मागे), आणि तेही टेस्ट सर्व्हरवर.