ज्वालामुखीच्या गॅसचा ढग कुठं जाईल हे शिकायचंय? मग आधी उंची धरा

दारव्ह्याकडच्या खेड्यात बसून हे काम शिकता येतं का, असं पोरंपोरी विचारतात. येतं. लाइट जाते, नेट संध्याकाळी रडतं, ट्रोपोमी या उपग्रहावरच्या गॅस मोजणाऱ्या यंत्राची एकेक फाइल शेकडो एमबीची, म्हणून डाउनलोड रात्रीच लावून ठेवायचं. पण डेटा सगळा फुकट आहे. पायथन तुम्हाला येतं असं धरून चालते. फाइल उघडणं, क्यूए व्हॅल्यू (डेटाचा दर्जा सांगणारा आकडा) 0.5 च्या खालचे पिक्सेल गाळणं, हे कुठंही सापडेल.

खरी मेख उंचीत आहे. माझे लय महिने इथंच गेले, म्हणून जरा लांबण लावते.

सेंटिनेल-5पी उपग्रहावरचं ट्रोपोमी वरून खाली पाहतं आणि त्या जागेवर हवेत एकूण सल्फर डायऑक्साइड किती ते सांगतं. तो 2 किलोमीटरवर आहे का 12 वर, हे त्या आकड्यात नसतं, उलट आकडा काढतानाच कोणती तरी उंची धरलेली असते! फाइलमध्ये समोर दिसणारा कॉलम, म्हणजे हाच एकूण गॅसचा आकडा, खालच्या हवेतल्या प्रदूषणाच्या हिशोबानं काढलेला आहे. ज्वालामुखीसाठी 1, 7 आणि 15 किलोमीटर धरून काढलेले वेगळे कॉलम फाइलच्या आत डिटेल्ड रिझल्ट्स नावाच्या गटात आहेत. ढग खरा 15 वर आणि तुम्ही घेतला 1 वाला, तर गॅस कितीतरी पट जास्त दिसेल. काहून, तर जमिनीजवळच्या गॅसचा सिग्नल उपग्रहापर्यंत कमी पोचतो, तेवढी कसर गणित भरून काढतं.

आणि नुसता आकडा चुकत नाही, दिशाच चुकते. जुलैत वावरात उभं राहून वर पाहा, खालचे काळे ढग पूर्वेकडं पळत असतात आणि त्याच्या लय वरचे पिसासारखे पांढरे ढग पश्चिमेकडं. 14-15 किलोमीटरवर पावसाळ्यात पूर्वेकडून येणारा जेट, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहतो, म्हणून. गॅसचंही तसंच होतं. 2011 मध्ये आइसलँडच्या ग्रिम्सव्होटनमधून गॅस वर जाऊन उत्तरेकडं गेला, राख खाली राहून दक्षिणेकडं. म्हणून गॅसचा नकाशा दाखवून "राख इथं आहे" असं कधीच म्हणू नका, विमानांचा प्रश्न असतो.

मग करायचं काय? हायस्प्लिट, म्हणजे वारा हवेला कुठं नेईल ते काढणारं मॉडेल, वेबवर फुकट चालतं. ज्वालामुखीच्या जागेवर 4, 8, 12, 16 किलोमीटर अशा उंच्यांवरून ट्रॅजेक्टरी, म्हणजे हवेच्या वाटेच्या रेघा, सोडा आणि दुसऱ्या दिवशीच्या उपग्रहाच्या चित्रावर ठेवून पाहा, कोणती रेघ ढगावर बसते. तिथं उंची जमिनीपासून मोजायची का समुद्रसपाटीपासून, हा पर्याय न पाहता रन मारू नका, उंच डोंगरावरच्या ज्वालामुखीत तेवढ्यानं सगळं सरकतं. ट्रोपोमी एका जागेवरून दिवसा एकदाच, दुपारी दीडच्या आसपास जातं. रात्रीचं हवं असेल तर आयएएसआय हे उपग्रहावरचं दुसरं यंत्र बघा, ते इन्फ्रारेडवर चालतं. ट्रोपोमीचा लेयर हाइटचा, म्हणजे गॅसच्या थराची उंची सांगणारा, प्रॉडक्टही आता मिळतो, पण गॅस दाट असेल तरच त्याच्यावर भरवसा ठेवा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. तयार रंगीत नकाशे पाहायला ठीक, फोरकास्टला नाही. हजारो रुपयांचे सर्टिफिकेट कोर्स तर अजिबात घेऊ नका, डेहराडूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स आणि नासाचं आर्सेट हे प्रशिक्षण, दोन्ही फुकट आहेत. गाइड निवडताना एकच पाहा, तुमचा प्लॉट पाहून ते "उंची कोणती धरली?" विचारतात का. पहिल्याच दिवशी मशीन लर्निंग लावा म्हणणारे असतील तर दुसरे शोधा.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका बाप्पा. मॅन्युअल एकेक परिच्छेद करत वाचलं तरी डोक्यात बसतं, दिवस लागतात, लागू द्या.

पहिली केस इथिओपियाच्या हायली गुब्बीची घ्या. 23 नोव्हेंबर 2025 ला तो फुटला, ढग येमेन-ओमानवरून दुसऱ्या रात्री दिल्लीपर्यंत आला, विमानं रद्द झाली. गावात तेव्हा लोक विचारत होते, श्वासाला त्रास होईल का? ढग वर होता, कित्येक किलोमीटर, म्हणून जमिनीवर फारसं काही होणार नव्हतं. हे उत्तरही उंचीतूनच येतं. 24 आणि 25 तारखेच्या फाइली उतरवा, चारही उंच्यांच्या रेघा टाका आणि कोणती दिल्लीवरून जाते ते स्वतः शोधा.