आधी ऑर्डर, मग काढणी: थंडीतल्या शहरी भाजीपाल्यासाठी मोबाइलचा वापर

थंडीत पालेभाज्या जोमात येतात. गच्चीवर किंवा परसात पालक, कोथिंबीर, मुळा लावणाऱ्यांकडे माल एकदम तयार होतो आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं. हे टाळायचं असेल तर मोबाइल पेरणीच्या दिवशीच कामाला लावा.

पालक, कोथिंबीर साधारण 30 ते 45 दिवसांत काढणीला येते. गारठा वाढला तर आठवडाभर जास्त धरा. सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. दर 10-12 दिवसांनी एकेक वाफा पेरा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये वाफ्याचा नंबर व काढणीची अंदाजे तारीख टाकून रिमाइंडर लावा. यासाठी वेगळं ॲप घेण्याची गरज नाही. नोंदींची ॲप दिसायला छान असतात, पण त्यातले रकाने चार दिवस भरले जातात आणि पाचव्या दिवशी कंटाळा येतो.

विक्रीला व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे. कॅटलॉगमध्ये फोटो, दर आणि जुडीचं वजन ग्रॅममध्ये लिहा. नुसतं ‘एक जुडी’ लिहिलं की वाद ठरलेला. ग्रुपपेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, शिवाय एकाने ‘पालक जून निघाला’ असं टाकलं की दिवसभर तीच चर्चा. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून पहिल्या खरेदीलाच नंबर सेव्ह करायला सांगा.

आदल्या दिवशी दुपारी मेसेज टाका: ‘उद्या सकाळी पालक, 250 ग्रॅमच्या 12 जुड्या. मुळा 8 जुड्या. संध्याकाळी सातपर्यंत कळवा.’ शिल्लक किती ते आकड्यात लिहाच, म्हणजे उत्तरं वेळेत येतात. सातनंतर ऑर्डरची यादी बंद. पहाटे, ऊन चढायच्या आत, यादीपुरतीच काढणी करा. न विकलेला पालक वाफ्यात आणखी दोन दिवस सहज उभा राहतो. टोपलीत तो दुपारपर्यंत मान टाकतो. हवामानाच्या ॲपवर पहाटे पाऊस दिसत असेल तर संध्याकाळीच काढून घ्या, कारण ओली भाजी पिशवीत लवकर सडते.

क्यूआर कोडने पैसे घेताना गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते पाहा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगितलं तर सरळ फोन ठेवा.

फोटोवरून रोग ओळखणारी ॲप वापरताना पानाची खालची बाजूही जवळून, सावलीत टिपा. मावा ही बारीक कीड तिथेच लपते. जुनी, खालची पानं पिवळी पडली असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी असतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. असं असताना ॲपने बुरशीनाशक सुचवलं तरी घाई करू नका, जाणकाराला दाखवा. फवारणी करावीच लागली तर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते लेबलवर पाहा, ती तारीख त्याच कॅलेंडरमध्ये टाका आणि तोवर त्या वाफ्यातला माल संध्याकाळच्या यादीत धरू नका.