भयपटाच्या ट्रेलरची तयारी: शॉट आणि अक्षरं एकाच कागदावर

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी एक कागद आडवा घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात सेकंद, दुसऱ्यात शॉट, तिसऱ्यात पडद्यावर येणारी अक्षरं. भयपटाचे ट्रेलर फसतात ते बहुधा शेवटचे दोन रकाने वेगवेगळ्या वेळी भरल्यामुळे. शॉट चित्रीकरणात ठरतात आणि मजकूर एडिटच्या शेवटच्या रात्री कोणीतरी घाईत टाइप करतं. मग पडद्यावर रिकामा पाळणा आपोआप हलत असतो आणि त्याच्यावर लिहून येतं, 'त्या घरात कोणीतरी आहे'. ते पाळण्यानं आधीच सांगितलेलं असतं. एकाच ओळीतले दोन्ही रकाने तीच गोष्ट सांगत असतील तर एक खोडून टाका. माझ्या कागदावर दहापैकी आठ वेळा अक्षरंच खोडली जातात.

लांबी आधी ठरवा. चित्रपटगृहातले ट्रेलर साधारण अडीच मिनिटांच्या आत ठेवायची रीत आहे, पण छोट्या फिल्मला तेवढे लागत नाहीत. 75 सेकंद धरा. सेकंदाला 24 फ्रेमच्या (म्हणजे स्थिर चित्रांच्या) हिशेबानं 1,800 फ्रेम होतात. मग कागदाच्या अगदी तळाशी, शेवटच्या ओळीत, नावाची प्लेट (पडद्यावर फक्त अक्षरं असलेली चौकट) लिहा आणि तिथून वर सरका. नावाच्या आधी काय दिसणार हे ठरलं की वरचं निम्मं आपोआप जुळतं. कागदाच्या मागच्या बाजूला एकच प्रश्न लिहून ठेवा, प्रेक्षकानं ट्रेलर संपल्यावर सोबत न्यायचा: 'ती वरची खोली बाहेरून बंद का केलीय?' ज्या शॉटमध्ये या प्रश्नाचं उत्तर आहे तो कितीही सुंदर असला तरी यादीत घ्यायचा नाही. दिग्दर्शकाला हे पटवणं सगळ्यात अवघड असतं, विशेषतः मेकअपवर चार तास गेलेले असतील तर.

आता शॉट. सगळ्यात आधी रिकाम्या जागा टिपून घ्या: जिना, अर्धवट उघडं दार, पलंगाखालचा अंधार, खिडकीबाहेरची स्थिर फांदी. हे शॉट ट्रायपॉडवर, कॅमेरा न हलवता, प्रत्येकी निदान 15 सेकंद घ्या. ट्रेलरमध्ये त्यातले तीनच वापरले जातील, पण कुठले तीन हे एडिटलाच कळतं. यातल्या दोन-तीन जागांची तीच चौकट पुन्हा एकदा घ्या, या वेळी कोपऱ्यात माणूस उभा करून. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तिन्ही मॅन्युअलवर ठेवा, मधे ट्रायपॉडला कोणाचा पायही लागू देऊ नका. मग रिकामी आणि भरलेली चौकट एकमेकींत विरघळवता येते, किंवा आकृती फक्त चार फ्रेमपुरती आणता येते. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. पाहणाऱ्याला काहीतरी दिसल्याचं जाणवतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

हळूहळू पुढे सरकणारा शॉट हवाच. स्लायडर (कॅमेरा सरकवायची पट्टी) नसेल तर चाकांची खुर्ची चालते. पण वेग तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा ठेवा. सरकता कॅमेरा पाहणाऱ्याला सांगतो की पुढे काहीतरी आहे. तिथे पोचायच्या आत शॉट कापलात तर ते 'काहीतरी' त्याच्याकडेच राहतं. हातात धरलेला, थरथरता कॅमेरा फक्त पळापळीच्या भागासाठी राखून ठेवा. सुरुवातीपासून सगळंच हलत असेल तर पुढे हलवायला काही उरत नाही. तिरक्या चौकटीचंही तसंच. संपूर्ण ट्रेलरमध्ये एक.

चेहऱ्याचे शॉट घेताना भीतीचं कारण टिपू नका, भ्यायलेला माणूस टिपा. कलाकाराला लेन्सच्या किंचित बाजूला बघायला सांगा आणि तीन प्रकार घ्या: दिसलं, दिसेनासं झालं, आणि (हा सगळ्यात उपयोगी पडतो) दिसलं पण दाखवायचं नाहीये. किंचाळणं एकदाच घ्या, तेही ट्रेलरमध्ये न वापरायच्या तयारीनं. आरशाचा शॉट यादीत असेल तर कॅमेरा आरशासमोर सरळ ठेवू नका, कोनात ठेवा, नाहीतर सगळ्यात भीतिदायक गोष्ट म्हणून तुम्हीच दिसाल.

प्रत्येक शॉटपुढे आणखी एक खूण करा: यावर अक्षरं बसणार आहेत का? बसणार असतील तर चौकटीचा एक तृतीयांश भाग आताच रिकामा सोडा. माझ्या पहिल्या ट्रेलरला एकाही चौकटीत अशी जागा नव्हती. नायिकेचा चेहरा दर वेळी बरोबर मध्यभागी, त्यामुळे 'ती एकटी नव्हती' हे तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लिहून आलं. उभ्या मोबाइल पडद्यासाठीही आवृत्ती काढणार असाल तर चित्रीकरणाच्या मॉनिटरवर चिकटपट्टीनं 9:16 च्या रेघा आखून घ्या. त्या आवृत्तीत खालचा भाग आणि उजवी कड अॅपच्या बटणांखाली जाते, तिथे अक्षरं ठेवायची नाहीत.

अंधार हा अंधारात टिपायचा नसतो. दृश्य नीट उजळून घ्या आणि नंतर रंगसंस्कारात, म्हणजे एडिटनंतर रंग-उजेड बदलताना, काळोखात ढकला. उलट केलंत तर सावल्यांमध्ये नॉइज (चित्रातले नको असलेले ठिपके) वळवळतो आणि इंटरनेटवर चढवल्यावर गडद भिंतींवर पट्टे पडतात. शेवटी बारीक ग्रेन (जुन्या फिल्मसारखा कणीदारपणा) घातला तर पट्टे पुष्कळ कमी दिसतात. घरातले साधे दिवे वापरत असाल आणि वीज 50 हर्ट्झची असेल तर शटर 1/50 सेकंदावर ठेवा, नाहीतर दिवे फडफडतात, आणि ती फडफड भुताची वाटत नाही.

ट्रेलरसाठी वेगळं चित्रीकरण करणं कमीपणाचं नाही. 1960 साली हिचकॉकनं 'सायको'च्या ट्रेलरमध्ये स्वतःच सेटवरून फेरफटका मारत जागा दाखवल्या. शेवटी न्हाणीघराचा पडदा सरकतो आणि किंचाळते ती व्हेरा माइल्स. मूळ दृश्यातली जॅनेट ली तिथे नाहीच. म्हणून यादीत 'फक्त ट्रेलरसाठी' असा अर्धा दिवस लिहून ठेवा.

अक्षरांचा रकाना भरताना पाच-सहा प्लेटच्या वर जाऊ नका. प्रत्येकीवर पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत. प्लेट किती वेळ ठेवायची हे मोठ्यानं वाचून ठरवा: सावकाश दोनदा वाचून होईल एवढा वेळ. तीन शब्दांना साधारण दोन सेकंद, म्हणजे 48 फ्रेम. प्लेट गेल्यावर लगेच शॉट आणू नका, 10-12 फ्रेम निव्वळ काळं राहू द्या. अक्षरं पांढरीशुभ्र नकोत. काळ्यावर किंचित राखाडी बरी, अंधाऱ्या खोलीत पांढरं डोळ्यावर येतं.

अक्षरांचा एक उपयोग मात्र फारसा कोणी यादीत लिहीत नाही: ती प्रेक्षकाची नजर गुंतवून ठेवतात. 1980 च्या 'द शायनिंग'चा ट्रेलर त्यासाठी पाहावा. कॅमेरा हलत नाही, समोर लिफ्टची बंद दारं, त्यांच्यावरून खालून वर सरकणारी नावं. आपण निमूटपणे वाचत राहतो आणि मग दारातून रक्ताचा लोंढा येतो. सबंध ट्रेलरमध्ये दुसरा शॉट नाही. तुमच्या कागदावरही एक ओळ अशी ठेवा जिथे अक्षरं डावीकडे वाचली जातायत आणि उजवीकडे दार हळूच उघडतंय.

देवनागरीची तयारी वेगळी. इंग्रजी ट्रेलरमध्ये नावाची अक्षरं हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. देवनागरीत तेच केलं की शिरोरेघ तुटते आणि नावाचे तुकडे पडतात. त्याऐवजी सबंध शब्द अगदी सावकाश मोठा करा, किंवा शिरोरेघ आधी येऊ द्या आणि अक्षरं तिच्याखाली उतरू द्या. हे इंग्रजीला जमत नाही, आपल्याला जमतं. एकेक अक्षर टाइप होत येणारी चालही टाळा, जोडाक्षरं अर्धवट दिसतात. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर वेलांटी भलत्या जागी बसते. ओळींमध्ये अंतर जास्त सोडा, वरची मात्रा आणि खालचा उकार दोघांना जागा लागते. रक्त ठिबकणारा फाँट घेऊ नका. आणि शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या: 'शेवटचा दिन' लिहायचं असताना 'शेवटचा दीन' झालं तर लोक हसतील, आणि त्यानंतर त्यांना घाबरवता येणार नाही.

'सत्य घटनेवर आधारित' ही प्लेट घटना खरी असेल तरच. 'लवकरच' लिहिण्याऐवजी तारीख ठरेपर्यंत ट्रेलर थांबवलेला बरा.

झगमगाटाचे शॉट मोजा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा पडदा उजळ-काळा होत असेल तर तो भाग बदला, गडद लाल रंगात तर अजिबात नको. 1997 मध्ये जपानमध्ये एका अॅनिमेशन मालिकेतल्या लाल-निळ्या झगमगाटानं शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

आवाजासाठी प्रत्येक जागेची नुसती शांतता 30 सेकंद रेकॉर्ड करा. मोठ्या दणक्याआधी हीच शांतता लागते. संगीत पूर्ण बंद केलं की पोकळी ऐकू येते, शांतता नाही. दणका एकच.

कच्ची जुळणी झाली की फोनवर, दिवसाउजेडी, आवाज बंद करून, फिल्मशी संबंध नसलेल्या एखाद्याला दाखवा. त्याच्याकडे बघत बसा, पडद्याकडे नको. अंगठा कुठल्या सेकंदाला स्क्रीनकडे गेला ते पहिल्या रकान्यात खुणेनं लिहा. मग विचारा, वरच्या खोलीत काय आहे असं वाटतं? त्यानं बरोबर उत्तर दिलं तर कागद पुन्हा आडवा घ्या आणि ते उत्तर कुठल्या ओळीतून फुटलं ते शोधा.