जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र जोडणारा शालेय प्रकल्प निवडताय? या चुका टाळा

दोन्ही विषयांचा प्रकल्प हवा म्हटलं की हटकून बटाट्याची बॅटरी सुचते, आणि निवडीतली सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. तांब्याची आणि जस्ताची पट्टी बटाट्यात खुपसली की साधारण 0.9 व्होल्ट मिळतात खरे, पण ती ऊर्जा बटाट्याची नसते. जस्त झिजतं, त्यातून ती येते. बटाट्याऐवजी व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस ठेवला तरी बॅटरी चालते. म्हणजे जीवशास्त्र फक्त शीर्षकापुरतं उरलं.

विषय पक्का करण्याआधी दोन प्रश्न विचारा. सजीव भाग काढून तिथे निर्जीव वस्तू ठेवली, तरी प्रयोग तसाच चालतो का? चालत असेल तर जीवशास्त्र नाही. तुम्ही जे बदलताय, म्हणजे प्रकाश, तापमान, बल किंवा आवाज, ते आकड्यात सांगता येतं का? येत नसेल तर भौतिकशास्त्र नाही. ‘एक कुंडी उजेडात, एक अंधारात’ हा प्रयोग दुसऱ्या प्रश्नावर अडतो. फुग्यांचं फुप्फुस किंवा भिंगाचा डोळा ही मॉडेलं समजावून सांगायला छान असतात, पण त्यांच्यावर काही मोजलं नाही तर तो प्रयोग होत नाही.

बटाटा ठेवा, प्रश्न बदला

तोच बटाटा वापरून खरा प्रकल्प करता येतो. उष्णतेने पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, फाटलं की आतले आयन (विद्युतभार असलेले कण) बाहेर पसरतात आणि बटाट्याचा विद्युतरोध घसरतो. तो कोणत्या तापमानाला घसरतो, हे मल्टिमीटरने शोधायचं.

एकाच बटाट्यातून 4 सेंमी लांब आणि 1 सेंमी जाड चौकोनी तुकडे कापा, प्रत्येक तापमानासाठी किमान 5. एक गट खोलीच्या तापमानालाच ठेवा. बाकीचे 40, 50, 60 आणि 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 15 मिनिटं ठेवा. मग स्टेनलेस स्टीलच्या दोन सारख्या सुया 3 सेंमी अंतरावर, 5 मिमी खोल टोचून रोध मोजा.

हा प्रयोग फसतो तो पुढच्या कारणांनी:

- तुकडे थेट पाण्यात टाकले तर क्षार पाण्यात उतरतात आणि रोध चुकीचा येतो. पातळ प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून मगच बुडवा.
- गरम असतानाच मोजलं तर आयन जास्त चपळ असल्यामुळेही रोध कमी दिसतो. मग पटल फाटलं की नुसतं तापलं, हे कळत नाही. सगळे तुकडे पिशवीतच खोलीच्या तापमानापर्यंत निवू द्या.
- एक सुई तांब्याची आणि एक जस्ताची घेतली तर पुन्हा बॅटरीच तयार होते. मल्टिमीटर रोध मोजताना स्वतःचा प्रवाह सोडतो, त्यात हे व्होल्टेज मिसळतं आणि आकडा निरर्थक ठरतो.
- सारख्या सुयांवरही आकडा सरकत राहतो, कारण सुयांपाशी आयन साचतात. तो स्थिर व्हायची वाट पाहू नका. दर वेळी जोडल्यावर बरोबर पाचव्या सेकंदाला नोंद घ्या, तारांची अदलाबदल करून पुन्हा मोजा आणि सरासरी काढा.

मोजता न येणारं कारण

मोबाइलच्या लहरींचा बियांवर परिणाम किंवा संगीताने झाडाची वाढ हे विषय आकर्षक वाटतात, पण ते टाळलेले बरे. फोन सतत सारख्या जोराने लहरी सोडत नाही, शिवाय तो तापतो. फरक दिसला तरी तो लहरींचा की उष्णतेचा, हे सांगता येत नाही.

प्रकाशाचा प्रयोग मात्र मोजण्याजोगा आहे. हायड्रिला या पाणवनस्पतीची फांदी कापलेलं टोक वर करून, लिटरमागे 5 ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजा. दिवा 10 सेंमीवरून 30 सेंमीवर नेला की प्रकाश नवव्या हिश्शावर येतो. हा नियम छोट्या दिव्याला लागू पडतो, लांब ट्यूबलाइटला नाही. दिव्याने पाणी तापू नये म्हणून एलईडी वापरा आणि मधे पाण्याचं सपाट काचपात्र ठेवा. खोलीत इतर उजेड असेल तर दूरचे आकडे अपेक्षेइतके उतरत नाहीत. दिवा अगदी जवळ असताना बुडबुडे वाढायचे थांबले, तर ती चूक समजून खोडू नका. तिथे प्रकाश पुरेसा झालेला असतो आणि दुसरंच काही कमी पडत असतं.

साधन आणि मोजमाप यांचा मेळ नसणं

प्रतिक्रियेचा वेळ स्टॉपवॉचने मोजणं ही नेहमीची चूक. बटण दाबणाऱ्या बोटालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. त्याऐवजी पट्टी सोडा आणि पकडेपर्यंत ती किती पडली ते पाहा: 15 सेंमी म्हणजे 0.175 सेकंद, 20 सेंमी म्हणजे 0.202 सेकंद. पट्टी ठरलेल्या तालात सोडू नका, पकडणारा अंदाज बांधतो. पहिले काही प्रयत्न सरावाचे धरा.

मूळ गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने वळतं, हा त्याहून देखणा विषय. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यू नाइट यांनी 1806 मध्ये पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकावर बिया लावून तो तपासला होता. आडव्या फिरत्या तबकडीवर केंद्रापासून 10 सेंमीवर मोड आलेल्या बिया लावल्या आणि मिनिटाला 60 फेरे ठेवले, तर गुरुत्व आणि फिरण्याने जाणवणारा बाहेरचा ओढा यांच्या मेळातून मुळं उभ्या रेषेपासून सुमारे 22 अंश बाहेर कलायला हवीत. 95 फेऱ्यांना सुमारे 45 अंश. आधी गणिताने कोन काढायचा आणि मग मुळाला विचारायचं, अशी संधी शाळेत क्वचितच मिळते. इथे घोटाळा मोटारीमुळे होतो. गिअर नसलेली खेळण्यातली मोटार फार वेगाने फिरते. 1000 फेऱ्यांनाच गुरुत्वाच्या 112 पट त्वरण होतं. गिअर मोटार घ्या आणि फेरे स्लो मोशन व्हिडिओवरून मोजा. बिया ओल्या कापसासह झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवा, नाहीतर वाऱ्याने सुकतात. वरून पुठ्ठ्याचं आवरण घाला, कारण उजेडानेही मूळ वळतं.

संख्या, परवानगी, वेळ

पाच बियांतली एक रुजली नाही तर निकाल 20 टक्क्यांनी हलतो. तीस असतील तर जेमतेम 3 टक्क्यांनी. बियांच्या प्रयोगात प्रत्येक गटात तीस ठेवा.

पाठीचा कणा असलेले प्राणी वापरायचे असतील किंवा माणसांवर मोजमापं घ्यायची असतील, अगदी पट्टी पकडण्याचीसुद्धा, तर अनेक स्पर्धांत प्रयोगाआधीच लेखी परवानगी लागते. नंतर आणलेली चालत नाही. घरी जिवाणू वाढवू नका.

तारखा शेवटापासून मागे मोजा. मुगाला मोड यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे प्रयोग तीनदा करायला आणि आलेख काढायला तीन आठवडे पुरतात. फूल किंवा फळ येण्याची वाट पाहायला लावणारा विषय तेवढ्यात एकदाही पूर्ण होत नाही.