ख्रिसमसचं खरं झाड आणताय? या चुका टाळा

डिसेंबर निम्मा सरला की इंग्लंडातल्या आमच्या मराठी ग्रुपवर ठरलेला फोटो येतो. कार्पेटवर हिरव्या सुयांचा सडा आणि खाली प्रश्न, "दुकानदाराने वाळकं झाड गळ्यात मारलं का हो?" नाही हो. बहुतेक वेळा झाड चांगलं असतं, घरी आल्यावर त्याला पाणीच मिळत नाही.

विक्रीला आलेलं झाड आधीच तोडलेलं असतं आणि बुंध्याचा काप राळेने बंद झालेला असतो. म्हणून तळाचे दोन-तीन सेंटिमीटर करवतीने सरळ कापायचे आणि झाड लगेच पाण्यात उभं करायचं. "आधी जेवून घेऊ" म्हणाल तर सहा-आठ तासांत काप पुन्हा बंद. दुकानात कापून देतात, तरी मी घरीच कापते.

याहून वाईट म्हणजे बुंधा तासणं. ओळखीतल्या एका दादांनी मोठ्या हौसेने नॉर्वे स्प्रूस, म्हणजे ख्रिसमसच्या झाडाची एक जात, आणला. बुंधा स्टँडमध्ये जाईना. मोठं स्टँड आणायला पुन्हा कोण जाणार? घेतला चाकू आणि चहूबाजूंनी साल सोलून काढली! झाड बसलं खरं, पण पाणी वर चढतं ते सालीलगतच्या थरांतूनच, आणि नेमके तेच गेले. वहिनी कौतुकाने सांगायच्या, "पाणी अजिबात कमी होत नाही, रोज भरायची कटकट नाही." त्यात झाड खोली तापवणाऱ्या रेडिएटरला खेटून. नाताळाआधीच त्याचा खराटा झाला, आणि दोष दुकानदाराला.

पाणी कमी होत नसेल तर काहीतरी चुकलंय. नव्याने कापलेलं मोठं झाड पहिल्या दिवशी दोन-तीन लिटरही पितं. पातळी कापाच्या खाली जाऊ देऊ नका. साखर, ॲस्पिरिन वगैरे घालणं निव्वळ टाइमपास.

जातही बघा. नॉर्वेच्या ओस्लो शहराकडून 1947 पासून लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरला भेट म्हणून येतो तो नॉर्वे स्प्रूसच, पण तो उभा असतो उघड्या थंडीत. हीटिंग लावलेल्या घरात तो लवकर झडतो. नॉर्डमन फर महाग आहे, पण टिकतो. आणि नोव्हेंबरातच झाड आणायची घाई कशाला? मी दहा डिसेंबरच्या आधी आणत नाही.

1848 साली छापलेल्या त्या प्रसिद्ध चित्रात राणी व्हिक्टोरियाच्या झाडावर पेटत्या मेणबत्त्या आहेत. तिच्याकडे नोकर होते, तुम्ही एलईडी लावा. दिवाळीच्या जुन्या, तापणाऱ्या बल्बच्या माळाही नकोत.

सजावटीच्या हॉलीच्या (काटेरी पानांचं, लाल फळांचं झाड) डहाळ्या चोवीस तारखेपर्यंत बाहेर गारव्यातच ठेवा. हॉलीचं कुंडीतलं रोप घेणार असाल तर लक्षात ठेवा, लाल फळं फक्त मादी झाडाला येतात. यातली गंमत म्हणजे हॉलीच्या जातींपैकी 'गोल्डन किंग' मादी आणि 'सिल्व्हर क्वीन' नर.

हॉली आणि मिसलटो (नाताळात दारावर टांगतात ते बांडगूळ), दोन्हींची फळं विषारी. रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर खोटीच टांगा.

सण झाल्यावर झाड फायरप्लेसमध्ये जाळू नका, राळेमुळे ठिणग्या उडतात. बऱ्याच ठिकाणी काउन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, जानेवारीत झाडं नेते, मात्र टिन्सल (चमचमत्या माळा) आणि झाडाला गुंडाळलेली जाळी आधी काढा, नाहीतर झाड तुमच्याच दारात पडून राहील.