जन्मदर घसरतोय तरी लोकसंख्या वाढतेय कशी? आपल्या वाडीवरच हिशोब करून बघा

गणपतीत आरती आटपली की पडवीत गजाली रंगतात, त्यात हे हमखास निघतं की आता कोणालाही एक नाहीतर दोनच पोरं, मग जग २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेलं कसं? वाद घालत बसू नका, कागद-पेन घ्या.

आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना पोरं झाली किती आणि जगली किती. दोन आकडे वेगळे लिहायचे हं, सगळा खेळ इथेच आहे. आजी जगलेल्यांचीच नावं घेते, गेलेल्यांचं जरा सांभाळून विचारावं लागतं. आणि चाकरमानी धरायला विसरू नका, २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी नि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क कमी झाली, पण महाराष्ट्राची वाढलीच ना, कुलूप लावलेल्या घरातली माणसं मुंबई-ठाण्यात मोजली गेली.

आता सोपे आकडे धरू. आजीच्या पिढीची १० जोडपी, प्रत्येकी ६ पोरं, त्यातली ४ मोठी झाली. म्हणजे २० म्हातारी, ४० पोरं, एकूण ६०. ह्या ४० जणांची २० जोडपी होतात (लेकी गेल्या तेवढ्या सुना आल्या असं समजा) आणि ते दोनावरच थांबतात. जन्मदर सहावरून दोनवर आला, पण जोडपी दुप्पट झाली म्हणून घरात वाढणारी पोरं पुन्हा ४०च, वर आई-बाप ४०, म्हातारी २०, झाले १००. पुढे ती २० जातात पण त्यांच्या जागी म्हातारपणात ४० जण येतात आणि खाली परत ४० नातवंडं, म्हणजे १२०. दोनाच्या वर कोणीच गेलं नाही तरी वाडी दुप्पट! शिवाय माणसं पणतवंडं बघेपर्यंत जगायला लागली तर आणखी ४० मिळवा.

जगाचं पण हेच चाललंय. १९६० च्या दशकात बाईमागे सरासरी पाचेक मुलं होती, आता सव्वादोनच्या आसपास. वाढीचा वेग वर्षाला २ टक्क्यांच्या वर होता तो १ च्या खाली आलाय, पण तेव्हा माणसं होती सव्वातीनशे कोटींच्या आसपास आणि आता आहेत ८०० च्या वर, त्यामुळे तेव्हाही वर्षाला सातेक कोटी वाढत होती, आजही तितकीच वाढतात. चीनचा बाईमागे मुलांचा दर १९९० च्या दशकातच दोनच्या खाली गेलेला, लोकसंख्या घटायला २०२२ उजाडलं. आपल्याकडे २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशाचा दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला, तरी माणसं अजून वाढतायत, कारण काल जन्मलेल्या पोरी आज आया होतायत आणि त्या संख्येने खूप आहेत. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की २०८० च्या दशकात जग १,०३० कोटींच्या आसपास पोचेल आणि मग उतरेल.

झालं की त्याच कागदावर दोनाच्या जागी एक घालून बघा. ६० ची आधी ८०च होतात, पुढच्या पिढीला ७० आणि त्यापुढे धाडकन ३५. दक्षिण कोरियात तर आता दर एकाच्याही खाली आहे.